लोरेटच्या गाडीखालचा थेंब

पहाटे साडेचारला लोरेट प्लूर्द उठली. कॉफीचं भांडं स्टोव्हवर ठेवण्याआधी तिनं नवऱ्याचा जुना कोट खांद्यावर टाकला, बॅटरी घेतली आणि अंगणापलीकडच्या शेडमध्ये गेली. गाडीच्या मागच्या दोन चाकांमध्ये गुडघे टेकून तिनं हात आत घातला. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट जिथे डिफरन्शियलला, मागची चाकं फिरवणाऱ्या लोखंडी डब्याला, जोडलेला असतो, त्या सांध्यावर बोटं फिरवली. बोटं ओली झाली. तिनं वास घेतला. गंधकाचा उग्र वास. इंजिनच्या तेलाला तो येत नाही.

मग तिनं बॅटरीचा उजेड जमिनीवर मारला. तिथे काही दिसत नव्हतं. शेडची जमीन चिकणमातीची, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळी पडलेली. रात्रीत किती गळलं, कालच्यापेक्षा जास्त की कमी, ते ती माती सांगायची नाही. लोरेटला चीड यायची ती याचीच. डोळ्यांना दिसणाऱ्या गळतीशी माणूस भांडू शकतो. न दिसणारी दिवसभर डोक्यात गळत राहते.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता, १९९४ सालचा. सोमवारी सकाळी टपाल कचेरीतल्या लाकास बाई गाडीखाली पुठ्ठा टाकून बघणार होत्या. पुठ्ठा कोरडा राहिला तर व्हाल-आल्बेर गावच्या रांगांचं टपाल पुढची पाच वर्षं लोरेटकडेच राहणार. डाग पडला तर ते काम जवळच्या कापुस्कासिंग शहरातल्या एका माणसाला मिळणार. त्यानं अर्ज करून ठेवला होता आणि त्याची जीप नवी कोरी होती.

रांग म्हणजे शेतांच्या कडेनं जाणारा सरळसोट खडीचा रस्ता. आमच्याकडे माणसाचा पत्ता रांगेच्या आकड्यावरूनच सांगतात. प्रत्येक घराची टपालपेटी रस्त्याच्या उजव्या कडेला खांबावर, आणि गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणून लोरेट डावीकडे बसायचीच नाही. पुढच्या लांब सलग सीटवर ती उजव्या खिडकीशी बसायची. डावा पाय पलीकडे ताणून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, डावा हात स्टिअरिंगवर, आणि उजवा हात खिडकीबाहेर, पेटीत. अकरा वर्षं तिनं अशी गाडी चालवली होती. डावी मांडी उजवीपेक्षा जाड झाली होती. उजवा कान बारा महिने वाऱ्यात, त्यामुळे त्या कानानं कमी ऐकू यायचं. गाडीचं काही बिनसलं की ते तिला डाव्या कानानं कळायचं.

ही कसरत जुन्या रुंद गाडीतच जमते. सलग सीट हवी आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर हवा. लोरेटची निळी स्टेशन वॅगन शहाऐंशी सालची होती. पत्रा दोन ठिकाणी शिवलेला होता, तरी तशी दुसरी गाडी आता जिल्ह्यात मिळायची नाही.

त्या गाडीच्या डिफरन्शियलचं ऑइल सील, म्हणजे शाफ्टपाशी तेल अडवणारी रबरी कडी, दोन वर्षांत दोनदा बदलून झालं होतं. दोन्ही वेळा गॅरेजवाल्या लिओपोलनं बदललं आणि दोन्ही वेळा ते काही महिन्यांत पुन्हा पाझरायला लागलं. तिसऱ्यांदा त्यानं गाडी आत घ्यायलाच नकार दिला.

"लोरेट, तुझे पैसे आता माझ्याच्यानं घेववत नाहीत," तो म्हणाला. "आतलं सगळं झिजलंय. नवी गाडी घे."

"नव्या गाडीत दोन सीटांच्या मध्ये गिअरची पेटी असते. तिच्यावर बसून टपाल वाटू?"

लिओपोल हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळला.

गावात चेष्टा सुरू झाली होती. सहाव्या रांगेतला ओनेझीम, सत्तरीचा ब्रह्मचारी, त्यानं आपल्या पेटीसमोर रस्त्यावर केक भाजायचा पत्र्याचा ट्रे आणून ठेवला. लोरेटची खिडकी पेटीशी आली की ट्रे बरोबर डिफरन्शियलखाली येईल असा, मोजून. ती थांबली तसा तो पायरीवरून म्हणाला, "लोरेटबाई, तुझ्या म्हातारीला आवरत नाही. माझ्या दारात तरी भांड्यात करू दे तिला." लोरेट खाली उतरली, ट्रे उचलला आणि गाडीत टाकून निघून गेली.

तक्रार ओनेझीमनं केली नव्हती. दुसऱ्याच कुणाच्या तरी विहिरीजवळ तेलाचे डाग दिसले आणि गोष्ट टपाल कचेरीपर्यंत गेली. लाकास बाईंनी शुक्रवारी तिला बाजूला घेऊन सांगितलं. बाई कडक, पण आडून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. सोमवारी बघेन म्हणाल्या. त्यात तुझी अकरा वर्षं धरणार नाही, फक्त पुठ्ठा बघणार, हेही म्हणाल्या.

म्हणून लोरेटनं ठरवलं की हे काम आता आपणच करायचं. हाताला काम नवं नव्हतं. तिचा बाप कागदाच्या गिरणीला लाकूड पोचवणारा ट्रक चालवायचा आणि थंडीत मोडलेला ट्रक दुरुस्त करताना दिवा धरायला मुलीला उभी करायचा. दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं. पुढे ती लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाकाला राहिली, मग प्लायवूडच्या मिलमध्ये, मग टपालात. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी काम आयतं दिलं नव्हतं आणि तिनंही कधी अर्धं टाकलं नव्हतं.

कापुस्कासिंगचं गाडीच्या पार्ट्सचं दुकान आठला उघडतं. ती पावणेआठला दारात होती. सील घेतलं, त्याच्या आतल्या रबरी कडेचा ओठ बोटानं चाचपून बघितला, तेलाचे डबे घेतले आणि वेगानं परत आली.

अंगणात तिचा नवरा अदेलार पिंप मांडत होता.

अदेलारनं प्लायवूडच्या मिलमध्ये तीस वर्षं तेल घालण्याचं काम केलं. त्याच्या पाळीत एकही बेअरिंग जळालं नाही, हे तो सांगायचा आणि ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मिल बंद पडली. त्याआधीच त्याच्या पाठीची चकती सरकली होती. तेव्हापासून त्याच्याकडे दिवस उरायचे आणि करायला काही नसायचं. तो खिडकीशी बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. एका घरात दोन अस्वस्थ माणसं. एक सारखी कामावर धावणारी आणि एक काम शोधणारा.

त्याचं म्हणावं असं एकच काम राहिलं होतं. हिवाळ्याआधी आमच्याकडे गाड्यांच्या पोटाला तेल मारतात. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. म्हणून पंपानं खालून सगळीकडे वापरलेलं तेल फवारायचं आणि लगेच गाडी खडीच्या रस्त्यावर पळवायची. उडालेली धूळ तेलावर बसते, थर होतो, आणि थराखाली पत्रा टिकतो. हे प्रत्येक घरी करतात, पण व्हाल-आल्बेरमध्ये ते अदेलारच करायचा. पाठ वाकत नव्हती, म्हणून त्यानं पंपाच्या नळीला लांब दांडा जोडला होता. उभ्यानं, दांडा गाडीखाली सरकवून, तो चौफेर फवारायचा. माणसं जेवणानंतर गाड्या घेऊन यायची. कुणी बियर आणायचं, कुणी हरणाच्या मांसाचा तुकडा. त्या एका दिवशी सगळे त्याला विचारायचे आणि तो सांगायचा.

मिल सुटल्यावर त्यानं तेलात सुधारणाही केली होती. वापरलेलं तेल पातळ, ते वाहून जातं. म्हणून तो लाकूड कापायच्या करवतीच्या चेनचं चिकट तेल त्यात मिसळायला लागला. आणि वेळ होता, म्हणून आपल्या गाडीला तर वसंतातही एक हात मारायचा.

"गाडी इकडे लाव," त्यानं लोरेटला बघून म्हटलं. "पहिली आपलीच घेतो."

"आपली सोमवारपर्यंत नाही."

"का?"

"ताजं तेल चार दिवस टपकतं. पुठ्ठ्यावर पडलं तर कुठलं तेल कुठून आलं हे लाकास बाईंना काय समजवून सांगू?"

"सोमवारी बर्फ पडला आणि मीठ आलं की मग माझ्याकडे येऊ नकोस. गंज पुठ्ठा बघत बसत नाही, म्हातारे."

"नाही येणार, म्हाताऱ्या."

ती शेडमध्ये गेली. तो पिंपाला उगाच दोनदा काठी मारून पंपाकडे वळला.

गाडी उचलताना घाई करणारा माणूस लगेच ओळखू येतो. लोरेटच्या अंगात घाई होती, पण हातात नव्हती. तिनं पुढच्या चाकांना लाकडं लावली, मागची बाजू जॅकवर घेतली, रेल्वेचे जुने स्लीपर एकावर एक रचून त्यांवर एक्सल टेकवला आणि गाडीला खांदा लावून हलवून बघितली. हलली नाही. मग पुठ्ठा अंथरून ती आत सरकली.

पहिल्यांदा तेलाची पातळी बघायची, आणि ती गाडी गरम असतानाच. कापुस्कासिंगहून आलेली गाडी अजून हाताला चटका देत होती. तेल भरायच्या बोल्टला पाना लावून तिनं तो हळूहळू सोडवला. शेवटच्या आट्याशी फुस्स असा लांब आवाज आला, जसा कुणी धरून ठेवलेला श्वास सोडावा, आणि तेलाचा फवारा तिच्या मनगटावर उडाला.

लोरेट तशीच पडून राहिली. पाना हातात, नजर वर.

असा आवाज यायला नको होता. डिफरन्शियल म्हणजे बंद डबा. आत दात फिरतात, तेल तापतं, तेलावरची हवा फुगते. ती बाहेर जावी म्हणून एक्सलच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी टोपी असते. तिला ब्रीदर म्हणतात. ब्रीदर उघडा असला तर आत दाब राहत नाही. बंद झाला तर हवा दुसरी वाट शोधते, आणि त्या डब्यात सगळ्यांत मऊ वाट म्हणजे सीलचा ओठ. जुनं असो, नवं असो, दाबापुढे सील किती टिकणार?

तिनं हात वर घालून एक्सलवर ब्रीदर चाचपला. टोपी लागेना. जिथे टोपी हवी तिथे गुळाच्या ढेपेसारखा गुळगुळीत उंचवटा होता. स्क्रूड्रायव्हरनं खरवडल्यावर त्याची पापुद्र्यांसारखी पुटं निघाली. तेल, धूळ, तेल, धूळ. तिनं एक तुकडा बोटांत चुरला आणि नाकाशी नेला. गंधकाचा वास नव्हता. करवतीच्या चेनच्या तेलाचा होता.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं दोन वर्षं चाललं होतं.

बाहेर अदेलार पंप चालवून बघत होता आणि शीळ घालत होता. शीळ तो एरवी घालत नसे.

लोरेट बाहेर आली, घरात गेली, पावाच्या तुकड्याला काकवी लावली आणि सिंकपाशी उभ्यानंच खायला लागली. चव लागली नाही. खिडकीतून तो दिसत होता. नळीचा दांडा दिशा बघून लावत होता, पाठीला हात लावून थांबत होता, पुन्हा लावत होता. सांगितलं तर वर्षातला त्याचा एक दिवस जातो. नाही सांगितलं तर आज जेवणानंतर सगळ्या गावाच्या गाड्यांची नाकं बुजणार. आणि आपली? ती सोमवारी वाचेल, पण पुढच्या वसंतात तो पुन्हा दांडा घेऊन येईल आणि लाकास बाई पुन्हा पुठ्ठा घेऊन येतील. आपण गुपचूप दर वेळी ब्रीदर पुसत राहू, असंही तिच्या मनात आलं. पण लपवून केलेलं काम एक ना एक दिवस राहून जातं.

तिनं उरलेला पाव ताटलीत टाकला आणि दारातून हाक मारली.

"अदेलार, शेडमध्ये ये. गाडीखाली ये."

"माझी पाठ..."

"पाठीलाही आण."

तो आला. खाली उतरायला त्याला वेळ लागला. आधी एक गुडघा, मग कोपर, मग एक शिवी, मग बाकीचा माणूस. लोरेटनं दुसऱ्या बाजूनं सरकून बॅटरी धरली आणि काही न बोलता त्याचा हात धरून वर त्या उंचवट्यावर ठेवला. त्यानं नखानं खरवडलं. बोटं चोळली. वास घेतला. परत घेतला.

"हे तेल माझं आहे."

"तुझंच."

"चेनचं."

"चेनचंच."

त्यानं उंचवट्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, "मिलमध्ये प्रत्येक गिअरबॉक्सचा ब्रीदर मी रोज पुसायचो. रोज. फोरमन हसायचा. गाडीलाही असतो, हे डोक्यातच आलं नाही माझ्या. मी आपला पत्रा बघत होतो."

लोरेटनं बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

"लिओपोलला मी सगळीकडे नालायक म्हणत फिरलो."

"हो."

"तू मला सांगणार नव्हतीस."

"नव्हते. पण जेवणानंतर गाव येणार आहे. आता बाजूला हो, मला तिथे झोपायचंय."

"होता येत नाही."

"म्हणजे?"

"पाठ धरलीय. उठता येत नाही, म्हातारे."

लोरेट बाहेर आली, त्याचे दोन्ही पाय काखेत धरले आणि पुठ्ठ्यासकट त्याला ओढून शेडच्या दाराशी आणला, जसा छावणीत ओंडका आणतात. दाराच्या चौकटीला धरून तो उभा राहिला. अंगाला माती, केसांत पुटं. त्यानं कोट झटकला आणि न विचारता कामाला लागला.

बर्फावर चालवायच्या जुन्या स्नोमोबिलवरून त्यानं पेट्रोलची रबरी नळी कापून काढली. ब्रीदरची टोपी काढायची, तिथे नळी बसवायची आणि नळीचं दुसरं टोक वर, गाडीच्या पत्र्याच्या आत न्यायचं, जिथे फवारा पोचत नाही आणि चिखलही पोचत नाही. वरचं टोक त्यानं काठीच्या मुठीसारखं खाली वळवलं, पाणी आत जाऊ नये म्हणून. नळी आतून फुंकून बघितली. दोनदा. बसवण्यासाठी लोरेट खाली गेली. तो बाहेरून सांगत होता आणि ती ऐकत होती. क्लिप किती आवळायची, हे तिला सांगायची गरज नव्हती. तरी तिनं ऐकून घेतलं.

मग सीलचं काम. लांब शाफ्ट सोडवून बाजूला केल्यावर तिनं पंचानं खुणा केल्या. नटावर एक, आतून आलेल्या दांड्याच्या टोकावर एक, आणि शाफ्ट जिला जोडतात त्या चकतीवर, फ्लँजवर, एक. या नटानं आतल्या बेअरिंगवर नेमका ताण बसलेला असतो. परत लावताना कमी आवळला तर आतलं छोटं दातेरी चाक, पिनियन, हलतं, जास्त आवळला तर बेअरिंग महिन्याभरात गाणं म्हणायला लागतं. लिओपोलकडे त्यासाठी वेगळं हत्यार होतं. लोरेटकडे मासे तोलायचा काटा होता. तिनं फ्लँजला दोरी गुंडाळली, काट्याचा आकडा दोरीत अडकवला आणि सावकाश ओढला. फ्लँज फिरत असताना काट्याची सुई जिथे थांबली ती जागा तिनं अदेलारला वाचून दाखवली.

"लक्षात ठेव."

"ठेवली. एवढाच मासा तू गेल्या उन्हाळ्यात पकडलास आणि गावभर दाखवलास."

नट सोडवायला पाइप पाना, त्याच्या दांड्यावर चढवलेला लांब पाइप, आणि फ्लँज फिरू नये म्हणून तिला बांधलेली पहार. लोरेटनं पाठ पुठ्ठ्याला दाबली, दोन्ही टाचा स्लीपरला टेकवल्या आणि हातांनी न ओढता पायांनी ढकललं. हातांनी ओढणारे अर्ध्या तासात थकतात. कड्‌ असा आवाज झाला आणि नट सुटला. फ्लँज बाहेर येताच तेलाची धार ओनेझीमच्या केकच्या ट्रेमध्ये पडली.

जुनं सील तिनं कडेनं उचकटून काढलं. फ्लँजवर, सीलचा ओठ जिथे घासतो तिथे, बारीक रेघ होती. नखाला लागली, पण अडकली नाही. पॉलिश पेपर तेलात बुडवून तिनं ती जागा गोल गोल घासली, आडवी एकदाही नाही, कारण आडव्या ओरखड्यातून तेल वाट काढतं. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावलं, सील जागेवर धरलं आणि पाइपचा रुंद तुकडा त्यावर ठेवून हलक्या हातोडीनं कडेकडेनं बसवत नेलं. एक ठोका इथे, एक समोर. मध्येच अदेलार म्हणाला, तिरकं जातंय. ती म्हणाली, दारातून दिसतं का तुला? त्यानं सांगितलं, आवाज बदलला. तिनं बोट फिरवून बघितलं. एका बाजूला केसभर वर होतं. तिनं ते बसवलं.

फ्लँज परत चढवल्यावर नट खुणेला आला. ती खुणेपुढे किंचित गेली आणि दोरी ओढली. काट्याची सुई मघाच्या जागेच्या जराशी पुढे थांबली. तिथेच तिनं पाना खाली ठेवला. यापुढे आवळावंसं वाटणं ही फक्त भीती असते.

शाफ्ट जोडून, तेल भरून ती बाहेर आली तेव्हा अंगणात तीन गाड्या उभ्या होत्या आणि अदेलार माणसांना सगळं सांगत होता. आपलं नाव घेऊन सांगत होता. ब्रीदर म्हणजे काय, तो कुठे असतो, कुणी बुजवला. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, मग माझाही एक्सल ओला आहे तो तुझ्यामुळे का? अदेलार म्हणाला, बहुतेक. मग तो घरात गेला आणि लोरेटच्या शिवणाच्या डब्यातलं, बोटात घालायचं पितळी अंगुस्तान घेऊन आला. फवारण्याआधी ते ब्रीदरवर उपडं घालायचं, फवारून झालं की काढायचं. प्रत्येक गाडीखाली जाऊन ते लावण्याचं काम गाडीच्या मालकाचं. एक जण कुरकुरला. उद्या गाडीला स्वेटर घालायला सांगशील, म्हणाला. पण पाठीवर झोपला आणि गेला आत. संध्याकाळी लिओपोल आपला ट्रक घेऊन आला तेव्हा अदेलारनं त्याला बाजूला नेलं. काय बोलले ते लोरेटला ऐकू आलं नाही. परत येताना लिओपोलच्या हातात बियर होती, आणि मग तो आपल्याच ट्रकखाली शिरला. त्याचाही ब्रीदर बुजलेला निघाला.

रविवारी लोरेट गाडी घेऊन मिसेच्या प्रार्थनेला गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं खिडकी बंद ठेवली, डावीकडे बसली आणि ऐकत गेली. बेअरिंग गात नव्हतं. चर्चमध्ये ती दाराजवळच्या बाकावर बसली आणि प्रवचन चालू असताना दोनदा बाहेर जाऊन गाडीखाली हात घालून आली. बोटं कोरडी होती. कोरडी बोटं बघूनही तिला चैन पडेना. ओलं असतं तर काय करायचं ते माहीत होतं. कोरड्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा ती परत येताना ओनेझीम दारातच उभा होता.

"आवरली का म्हातारी?"

"तुझा ट्रे धुऊन देते."

"राहू दे. मला कोण केक करून घालतंय?"

सोमवारी पहाटे तिनं शेडमध्ये हात घातला. कोरडं. कचेरीत पोचली तेव्हा लाकास बाई फ्रीजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेऊन मागच्या अंगणात उभ्या होत्या.

"आत्ता नको," लोरेट म्हणाली. "गाडी अजून पुरती तापलेली नाही. मला सहाव्या रांगेपर्यंत जाऊन येऊ द्या. गरम असताना गळत नसेल तरच ते खरं."

लाकास बाईंनी तिच्याकडे बारकाईनं बघितलं. हुशारी करतेय का, ते बघितलं असावं. मग म्हणाल्या, जा. लोरेट वेगानं गेली, वेगानं आली आणि गाडी पुठ्ठ्यावर उभी केली. मग दोघी आत गेल्या आणि टपाल वेगळं करायला लागल्या. लोरेटचा हात अकरा वर्षांत चुकला नव्हता. त्या सकाळी तिनं पाचव्या रांगेचा बियाण्यांचा कॅटलॉग तिसऱ्या रांगेच्या खणात टाकला. लाकास बाईंनी तो न बोलता उचलून जागेवर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे लोरेट बघत नव्हती, पण त्याचा आवाज डाव्या कानात घुसत होता.

सगळं टपाल लागल्यावर लाकास बाईंनी कोट घातला. गाडी पुढे घ्यायला सांगितली. पुठ्ठ्यावर मध्याला एक डाग होता, नाण्याएवढा.

लोरेटचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. लाकास बाई वाकल्या. डाग बोटानं पुसला, बोट उजेडात धरलं. मग नाकाशी नेलं, हे लोरेटनं आरशात बघितलं.

"माती आहे," त्या म्हणाल्या. "सहाव्या रांगेची. पाच वर्षं तुझी." पुठ्ठा उचलून घडी करताना त्यांनी पुढे म्हटलं, "पण मी मध्येच केव्हातरी पुन्हा बघेन."

"बघा. मी रोज बघते," लोरेट म्हणाली आणि टपाल भरायला लागली. पहिल्या पेटीपाशी पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती डावीकडेच बसली आहे. उतरून, वळसा घालून, ती आपल्या जागी येऊन बसली.

त्या हिवाळ्यात तिनं एकही फेरी चुकवली नाही. मीठ पडलं, गाडीला तेलाचा थर अदेलारनं दिला, गरज नसताना नळीच्या तोंडालाही अंगुस्तान लावून आणि आठवणीनं काढून. तरी रोज पहाटे ती कोट टाकून शेडमध्ये जायची, बोटं फिरवायची, कोरडी बघायची आणि मग जमिनीवर उजेड मारायची. जमीन काळीच. सील गळत नव्हतं, पण इंजिन होतं, रेडिएटर होता, ब्रेकच्या नळ्या होत्या, आणि ती माती कुणाचीच साक्ष द्यायची नाही.

नव्या कराराच्या पगारातून तिनं दर महिन्याला बाजूला काढायला सुरुवात केली. बहीण म्हणाली, फ्लोरिडाला चल, समुद्र बघ. अदेलार म्हणाला, स्वयंपाकघराच्या खिडक्या बदलू, वारा येतो. लोरेटनं दोघांचं ऐकून घेतलं. जूनमध्ये जमिनीतला बर्फ पुरता वितळल्यावर तिनं शेड रिकामी केली, काळी माती फावड्यानं खणून काढली, खडी टाकून ठोकून घेतली, आणि साठवलेल्या सगळ्या पैशांतून काँक्रीटची जमीन घालून घेतली. ओतायला आलेल्या माणसांना अदेलार सांगत होता की दाराकडे थोडा उतार द्या, धुतलं की पाणी बाहेर जाईल. पद्धत तीच आहे आणि माणसांनाही ते पटलं होतं. लोरेट लेव्हलची पट्टी घेऊन मध्ये उभी राहिली आणि तिनं जमीन सपाट करून घेतली. पाणी मी झाडूनं काढीन, म्हणाली. थेंब पडला, तर जिथे पडला तिथेच तो सापडला पाहिजे.